संमतीच्या कागदाची कुळकथा

अमेरिकेत मालकाने ओव्हरटाइम बुडवला म्हणून चार कामगार कोर्टात गेले, की बाकीच्यांच्या घरी एक पत्र येऊन पडते. सोबत छापील फॉर्म असतो. सही करून तो कोर्टात दाखल केला तर तुम्ही दाव्यात, गप्प बसलात तर बाहेर. हा कागद आज तिथल्या वकिलांना कायद्याइतकाच जुना वाटतो, पण मूळ कायद्यात तो नव्हता.

तो कायदा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी 25 जून 1938 रोजी सही केलेला. तासाला किमान 25 सेंट मजुरी आणि आठवड्याच्या 44 तासांपुढे दीडपट दर. मालकाने पैसे बुडवले तर एका कामगाराने स्वतःसाठी आणि आपल्यासारख्याच स्थितीतल्या इतरांसाठी दावा लावावा, नाहीतर प्रतिनिधी नेमावा, म्हणजे व्यवहारात युनियनला पुढे करावे. बुडालेली रक्कम दामदुप्पट मिळे आणि वकिलाची फी मालकाच्या माथी. सरकारी इन्स्पेक्टर प्रत्येक कारखान्याच्या दारात उभा राहू शकत नाही, हे ओळखून केलेली ही हुशार तरतूद होती.

तिची खरी ताकद दिसली ती मिशिगनमधल्या माउंट क्लेमेन्सच्या चिनीमातीच्या भांड्यांच्या कारखान्यात. आठ एकरांहून मोठी जागा, लांबी पाव मैल आणि कामगारांचे प्रवेशद्वार एका कोपऱ्यात. कार्ड पंच करायचे, आपल्या जागेपर्यंत चालत जायचे, एप्रन चढवायचा, हातांना ग्रीस लावायचे, खिडक्या उघडायच्या, हत्यारे जुळवायची. मग काम सुरू. सकाळी 6:46 ला कार्ड पंच केले तरी मजुरी सातपासून. जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळीही हाच हिशेब, त्यामुळे दिवसाकाठी 56 मिनिटांपर्यंतचा फरक पडू शके. 1941 मध्ये सात कामगार आणि त्यांची युनियन सगळ्यांच्या वतीने कोर्टात गेली.

10 जून 1946 रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल न्यायमूर्ती फ्रँक मर्फी यांनी लिहिला. हे पूर्वी मिशिगनचेच गव्हर्नर होते. कारखान्याच्या आवारात कामासाठी करावी लागणारी चाल हा कामाचाच वेळ, असे त्यांनी ठरवले. आणखी एक मुद्दा मला त्याहून मोलाचा वाटतो: मालकाने नोंदी नीट ठेवल्या नसतील तर कामगाराने मिनिटामिनिटाचा पुरावा देण्याची गरज नाही. त्याने पटण्याजोगा अंदाज मांडावा, तो खोडून काढणे मालकाचे काम. प्रकरण खाली परत गेले. तिथे न्यायाधीश पिकार्ड यांनी तो वेळ नगण्य ठरवून दावाच काढून टाकला. भांडी घडवणाऱ्यांच्या हाती काहीच पडले नाही.

पण तोवर देशभर धरण फुटले होते. जुलै 1946 ते जानेवारी 1947 या सात महिन्यांत असे 1,913 दावे दाखल झाले; मागणी जवळजवळ सहा अब्ज डॉलरची. काँग्रेसने 14 मे 1947 रोजी नवा कायदा करून चालण्याचा वेळ बहुतांशी वगळला. आणि जाता जाता दाव्याची रचनाच बदलली. युनियनने प्रतिनिधी म्हणून दावा लावणे बंद झाले आणि प्रत्येक कामगाराची लेखी संमती कोर्टात दाखल होणे सक्तीचे झाले. मुदतीची मेखही तिथेच मारलेली: पहिल्याने दावा लावला तरी दुसऱ्याची मुदत चालूच राहते, त्याचा स्वतःचा कागद दाखल होईपर्यंत. पोस्टात फॉर्म उशिरा आला, तर तेवढ्या आठवड्यांची मजुरी गेलीच.

नोकरीवर असताना मालकाविरुद्ध सही करणे किती जणांना झेपते? 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोर्टांना संभाव्य वादींपर्यंत सूचना पोचवण्याच्या कामात लक्ष घालायची मुभा दिली, म्हणून निदान पत्र तरी घरी येते. आयोवातल्या टायसन फूड्सच्या डुकराच्या मांसाच्या कारखान्यात सुरक्षेचे कपडे चढवण्या-उतरवण्याच्या वेळेवरून दावा झाला. केंद्रीय कायद्याखाली सही करून आले 444 जण. त्याच खटल्यात राज्याच्या कायद्याखाली क्लास अॅक्शनही होती, जिथे बाहेर पडायचे असेल तरच कळवावे लागते. त्यात 3,344 जण होते. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथला निकाल कामगारांच्या बाजूने कायम केला, तो माउंट क्लेमेन्सच्या अंदाजाच्या नियमावर टेकूनच.

दोन वर्षांनी, 2018 मध्ये, त्याच न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी दुसरा निकाल दिला. तक्रार एकेकट्यानेच लवादापुढे नेईन, असे नोकरीच्या करारात कामगाराने मान्य केले असेल तर ते त्याच्यावर बंधनकारक. तेव्हापासून मालकांचे वकील पहिल्या पेशीला तो करारच काढून दाखवतात.