शेवंतीच्या कुळातलं वेटोळं

गुहेतला मुक्काम म्हटला की कुणाच्या ना कुणाच्या सॅकमधून कॉइलचा खोका निघतोच. मग रोजचा खेळ सुरू होतो. दोन कॉइल एकमेकींच्या पोटात गुंतलेल्या असतात. मधल्या टोकाला हलकेच दाबायचं, जरा खालीवर करत एकीला सोडवायचं. घाई केली की कडकन तुकडा पडलाच. या जोडगोळीचं मूळ जपानात आहे.

वाकायामा प्रांतातलं आरिदा हे संत्र्यांचं गाव. कुमानोच्या देवस्थानांकडे पायी निघालेल्या यात्रेकरूंची जुनी वाट याच भागातून जाते. तिथले संत्राव्यापारी एइचिरो उएयामा यांना १८८६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका रोपविक्रेत्याकडून पायरेथ्रमचं बी मिळालं. पायरेथ्रम म्हणजे शेवंतीच्या कुळातलं पांढरं फूल. त्यातल्या पायरेथ्रिनमुळे कीटक लुळे पडतात. सुरुवातीला वाळल्या फुलांची पूड लाकडाच्या भुशात कालवून शेगडीत जाळत. पण ऐन उन्हाळ्यात घरात शेगडी कोण पेटवणार? उदबत्तीवाल्याशी गाठ पडल्यावर उएयामांना वाट सापडली, आणि १८९० मध्ये पूड मळून केलेली डासांची उदबत्ती तयार झाली.

ती होती साधारण २० सेंटिमीटरची आणि जळायची ४० मिनिटं. माणसाला डोळा लागेपर्यंत ती विझलेली असे. लांब करावी तर मोडते, जाड करावी तर धूर फार. १८९५ मध्ये पत्नी युकी यांनी सुचवलं, हिला वेटोळं घाला. वेटोळं घातलेला साप पाहून त्यांना हे सुचलं, असं सांगतात.

सुचलं खरं, पण ते बाजारात यायला १९०२ उजाडलं. ओलं वेटोळं वाळताना मोडायचं; जाळीवर वाळवायची युक्ती सापडली तेव्हा जमलं. दोन वळ्या एकत्र घेऊन हाताने गुंडाळत, म्हणून ती जोडी. साच्याने कॉइल कापणारी यंत्रं १९५७ च्या सुमारास आली, तरी जोडी तशीच राहिली. सरळ केलं तर पाऊण मीटर भरेल असं हे वेटोळं सुमारे सात तास जळतं. म्हणजे एक झोप.

पुढे फुलाची जागा बहुतेक ठिकाणी ॲलेथ्रिनसारख्या कृत्रिम भावंडांनी घेतली. आपल्याकडे कित्येक घरांत कॉइलला ‘कासवछाप’च म्हणू लागले. वीज नको, बॅटरी नको, वजन नाममात्र, म्हणून पाठीवर घर घेऊन हिंडणाऱ्यांना ती सोयीची वाटते.

पण एक हिशेब लक्षात ठेवा. लाल टोकाच्या लगेच मागच्या तापलेल्या भागातून औषधाची वाफ सुटते आणि डासांवर चालते ती हीच वाफ. धूर मात्र आपल्या छातीत जातो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघाल्याचं आढळलं होतं. तेव्हा तंबूत कॉइल लावू नका. जाळीची चेन नीट ओढा, कॉइल बाहेर, वारा येतो त्या बाजूला, वाळल्या गवतापासून लांब सपाट दगडावर ठेवा. आणि सकाळी तिची पत्र्याची पट्टी आठवणीने सॅकमध्ये टाका.