बांधावरचा लावा

जुन्नरची लेणी बघायला गेलात तर एका साहेबाची आठवण जरूर काढा. कर्नल विल्यम साईक्स. १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमलं. माणूस भलताच खटपट्या! जुन्नरच्या लेण्यांतले शिलालेख उतरवून घेतले, जोडीला पक्षीही टिपले (बंदुकीनेच, तेव्हा कॅमेरा कुठला!) आणि १८३२ मध्ये लंडनला दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली. लाव्याच्या दोन जातींच्या शास्त्रीय नावांपुढे आजही 'साईक्स, १८३२' असं लिहितात.

तेव्हाची इथली कोरडवाहू शेती म्हणजे बाजरी, मटकी, हुलगा, मध्येच पडीक माळ आणि गवताळ बांध. लावा आणि तितर जमिनीवरच गवताच्या ठोंबाआड अंडी घालतात. पिल्लांना पहिले काही दिवस दाण्यांपेक्षा किडे लागतात. बांधावर दोन्हीची सोय आपोआप व्हायची.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यातही छोट्या शिकारीला परवाना मिळायचा, तो १९९१ च्या दुरुस्तीने गेला. बंदूक थांबली. पण १९७० नंतर कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, आंबेगावातलं डिंभे अशी एकेक धरणं होत गेली आणि बाजरीच्या जागी ऊस आला. उसात बिबट्या राहायला आला, त्याच्यासाठी माणिकडोहला निवारा केंद्र झालं. लाव्याची बातमी कोण छापणार?

इंग्लंडात डिक पॉट्स या संशोधकाने तितरांवर वर्षानुवर्षं काम केलं. तणनाशकाने तण मरतं, तणावरचे किडे जातात आणि पिल्लं उपाशी मरतात, असा त्याचा हिशोब. उपाय म्हणून तिकडे धान्याच्या शेताच्या कडा न फवारता सोडू लागले, मोठ्या शेतांत मधोमध गवताचे उंचवटे घातले. म्हणजे आपला बांधच की! गंमत अशी, की यात पुढाकार घेणारे बरेचसे शिकारीचे शौकीन. मारायला तितर हवा म्हणून गवत राखायचं.

आपल्याकडे शिकार नाही हे उत्तमच, पण मग गवत राखायला कारणही उरलं नाही. दोन एकरवाल्याला त्याचे पैसे कोण देणार? आणि बांध कोरण्यावरून तर भाऊबंदकी कोर्टापर्यंत जाते. दरवर्षी नांगराचं एक तास इकडून, एक तिकडून. उरलेल्या वीतभर बांधावर फवारणीचा पंप फिरतो. तण पिकात येतं, ही शेतकऱ्याची तक्रार खरीच आहे. पण तणाला फूल धरायच्या आधी विळा लावला तरी भागतं, आणि मुळाशी थोडं गवतही राहतं.