संहिता हातात असणे

मालवण तालुक्यातील सुकळवाडचे रामचंद्र गोपाळ तथा दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' १८ मे १९१२ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दाखवला गेला. तो पहिला भारतीय चित्रपट ठरतो की नाही, हा वाद जुना आहे. तो मान 'राजा हरिश्चंद्र'ला देणारे जी कारणे सांगतात, त्यांतली दोन अशी: 'पुंडलिक' हे नाटकाचे चित्रण होते; शिवाय कॅमेरा चालवणारा जॉन्सन हा इंग्रज होता आणि चित्रफितीवरची प्रक्रिया लंडनला झाली. वादाचा निकाल काहीही लागो, यातील दुसरे कारण विचार करण्यासारखे आहे. कथा आपली, नट आपले, प्रेक्षक आपले. परंतु ज्या यंत्राने हे सारे टिपले त्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती होती. आज 'पुंडलिक'ची फीत उपलब्ध नाही.

याच्या पुढची पायरी कोल्हापुरात चढली गेली. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री या पेंटर बंधूंनी कॅमेरा स्वतः तयार करण्याचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी दामल्यांच्या साथीने काम तडीस नेले आणि त्याच कॅमेऱ्याने टिपलेला 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आला. ज्याने यंत्र घडवले त्याला ते बिघडले तर कुठे बिघडले हे कळते, आणि ते दुरुस्त करायला कुणाची परवानगी लागत नाही. बाबूरावांची ही कमाई चित्रपटाहून लहान मानू नये.

हा इतिहास मला आठवला तो इन्सुलीमुळे. सावंतवाडीहून बांद्याकडे, म्हणजे गोव्याच्या सीमेकडे जाताना लागणारे हे गाव. २००६ च्या सुमारास तिथल्या जत्रेतल्या दशावताराचा काही भाग घरातल्या एका मुलाने मोबाइलवर टिपला होता. दोन वर्षांनी तो संगणकावर उघडला तेव्हा चित्र दिसले, आवाज मात्र नव्हता. राजा ओठ हलवतो आहे, झांज वाजवणाऱ्याचे हात हलताहेत, आणि सारे मुके.

कारण शोधता ते असे निघाले. त्या काळचे मोबाइल आवाज 'एएमआर' नावाच्या पद्धतीने साठवत. ही पद्धत दूरध्वनीवरील बोलण्यासाठी आखलेली. सेकंदाला केवळ ८००० नमुने घ्यायचे, आणि ते जास्तीत जास्त १२.२ किलोबिटमध्ये बसवायचे. माणसाचे बोलणे त्यात मावते; झांजेचा बराचसा नाद गाळला जातो. पद्धतीचा तपशील प्रसिद्ध होता, पण तिच्या नमुना-संहितेचा परवाना असा की ती आत घालून तयार केलेली आज्ञावली इतरांना वाटता येत नसे. म्हणून लिनक्सच्या वितरणांतून येणाऱ्या तयार आवृत्तीत आवाज वाचणारा तो भाग वगळलेला असे. उपाय एकच: मूळ संहिता आणून आपल्या यंत्रावर स्वतः बांधणे. स्वतःसाठी बांधायला मनाई नव्हती, वाटायला होती.

ती मूळ संहिता 'एफएफएमपेग'ची. फाब्रिस बेलार या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने २००० साली सुरू केलेला हा प्रकल्प पुढे अनेकांनी वाढवला. ध्वनिचित्रांच्या असंख्य पद्धती वाचणे आणि एकीतून दुसरीत नेणे हे त्याचे काम. ज्या कंपन्यांनी आपल्या पद्धतींचा तपशील गुप्त ठेवला, त्यांच्या फायली तपासून, त्यांच्या आज्ञावल्यांची उकल करून या मंडळींनी वाचक लिहिले. हे काम मोडी वाचणाऱ्या अभ्यासकाच्या जातीचे आहे. वाचणारा उरला नाही तर दप्तर शाबूत असूनही इतिहास नाहीसा होतो.

बांधणीची रीत सांगायला तीन शब्दांची आहे: कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. पहिली पायरी झडतीची. यंत्रावर कोणता संकलक आहे, कोणती ग्रंथालये आहेत, कोणत्या परवान्यांना आपली संमती आहे, हे ती विचारते. एएमआरचे ग्रंथालय तेव्हा आधी बांधून बसवावे लागे; नंतर ते हवे आहे आणि त्याचा 'अ-मुक्त' परवाना मान्य आहे, असे दोन्ही स्पष्ट लिहून द्यावे लागे. यातले एक राहिले की काम थांबे. दुसऱ्या पायरीत शेकडो फायली एकामागून एक यंत्रभाषेत उतरतात, तिसरीत तयार माल आपापल्या जागी जातो. माझा पहिला प्रयत्न पहिल्याच पायरीवर अडला, कारण ग्रंथालय होते पण त्याच्या शीर्षक-फायली नव्हत्या. मराठीच्या अध्यापकाला हा सारा व्यवहार परका. तरीही यंत्र 'नाही' म्हणताना कारण सांगते, याचे मला नवल वाटले. विकतच्या आज्ञावलीने मला कारण कधी सांगितले नव्हते.

याच घराण्यातला दुसरा मोठा प्रकल्प 'जीस्ट्रीमर', १९९९ पासूनचा. त्याचे भाग क्रमाने बांधायचे: आधी गाभा, मग पाया, आणि मग 'गुड', 'अग्ली' व 'बॅड' हे तीन संच. १९६६ च्या प्रसिद्ध वेस्टर्न चित्रपटावरून घेतलेल्या या नावांमागे शिस्त आहे. 'गुड' म्हणजे कामही चोख, परवानाही निर्वेध. 'अग्ली' म्हणजे काम चांगले, पण परवान्याची किंवा पेटंटची अडचण. 'बॅड' म्हणजे अजून पुरेशी पारख न झालेले. गुणवत्ता आणि मालकी हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे इतक्या थोडक्यात सांगितलेले मी अन्यत्र पाहिलेले नाही.

यावर रास्त आक्षेप असा, की प्रत्येकाने कॅमेरा घडवावा वा आज्ञावली बांधावी ही अपेक्षा अव्यवहार्य आहे. ते खरेच आहे. बाबूरावांनंतरच्या दिग्दर्शकांनी कॅमेरे विकतच घेतले. एएमआरचा प्रश्नही पुढे मिटला. मुक्त परवान्याची ग्रंथालये आली, एफएफएमपेगमध्ये स्वतःचा वाचक आला, आणि आज ती फाइल कुणालाही विनासायास ऐकता येते. पण हे आपोआप घडले नाही. संहिता उघडी होती, म्हणून कुणीतरी उणीव भरून काढू शकला. सर्वांनी बांधण्याची गरज नाही. कुणालाही बांधता येण्याची मुभा मात्र हवी.

दशावताराच्या बाबतीत ही मुभा अधिकच मोलाची आहे. या नाटकाला लिखित संहिता नसते. आख्यान ठरते, पात्रे ठरतात; संवाद रंगमंचावर जन्मतात आणि पहाटेबरोबर संपतात. छापील नाटकाची एखादी प्रत कुठेतरी सापडू शकते. इथे मात्र ध्वनिचित्रण हीच एकमेव प्रत, आणि ती वाचणारी आज्ञावली हीच तिची लिपी.

त्या रात्री तिसरी पायरी संपली आणि फाइल पुन्हा लावली. हार्मोनियम पातळ ऐकू आली, झांज जवळजवळ नाहीच. राजाचे बोलणे मात्र शब्दन् शब्द कळत होते. दूरध्वनीच्या पद्धतीने नाद गाळला होता, बोलणे राखले होते. मी वही घेतली आणि ते उतरवून काढायला बसलो.