नांदगांवचें लाघव आणि मूळ संख्या

जंजिरा-मुरूडच्या उत्तरेस समुद्रकांठीं नांदगांव आहे. केशव दैवज्ञांचे पुत्र गणेश दैवज्ञ येथले. शके 1442, म्हणजे इ. स. 1520, हें आरंभवर्ष धरून त्यांनीं ‘ग्रहलाघव’ रचलें आणि पुढें कित्येक पिढ्या महाराष्ट्रांतील पंचांगें त्यावरून होत राहिलीं. त्यांतील लाघव असें : कलियुगारंभापासूनचे सुमारें सतरा लक्ष दिवस मोजीत बसण्याऐवजीं त्यांनीं 11 वर्षांचें, 4016 दिवसांचें एक चक्र धरलें. संख्या लहान झाल्या आणि गणकाचे श्रम वांचले.

श्रोतेहो, आतां हे 4016 च घ्या. दोहोंनीं चार वेळां भागल्यावर 251 उरतात. येथें मात्र लाघव थांबतें. 2, 3, 5, 7, 11 आणि 13 यांपैकीं कोणीही 251 ला निःशेष भागीत नाहीं. पुढच्या 17 चा वर्ग 289, म्हणजे 251 हून मोठा. तेव्हां अधिक शोधण्याचें कारणच नाहीं. जी संख्या एक आणि स्वतः यांवांचून कोणासही वश होत नाहीं, तिला आपण मूळ संख्या म्हणतों.

गणेशांनीं 1545 सालीं भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली. लीलावतींतील कुट्टकांत, सामाईक भाजक काढून टाकलेल्या संख्यांस दृढ म्हटलें आहे. दृढपणा हें दोन संख्यांमधील नातें. मूळपणा हा एकाच संख्येचा स्वभाव. पण दोहोंचा संबंध निकटचा आहे. 4 ला कशानेंही गुणा, 10 नें भागून बाकी 1 कधींच उरणार नाहीं. भाजक 251 घेतला तर 4 ला 63 नें गुणून 252 होतात व बाकी 1 उरते. 1 पासून 250 पर्यंतची प्रत्येक संख्या 251 शीं दृढ असल्यामुळें तेथें कुट्टक कधींच अडत नाहीं.

संख्या प्रचंड असली तर काय करावें? 1876 सालीं फ्रेंच गणिती ल्यूका यांनीं, 127 दोनांच्या गुणाकारांतून एक वजा करून येणारी 39 अंकी संख्या मूळ असल्याचें दाखविलें. भाजक शोधीत गेल्यास वीस अंकी संख्यांपर्यंत जावें लागलें असतें. त्यांनीं निराळा मार्ग धरला. पुढें लेमर यांनीं त्यास सुटसुटीत रूप दिलें. पांच दोनांच्या गुणाकारांतून एक वजा केल्यास 31 येतात. त्यांवर तो पाहूं. 4 चा वर्ग करून 2 वजा करा : 14. पुन्हां तसेंच केल्यास 194. 31 नें भागून बाकी 8. पुन्हां 62, बाकी शून्य. पांचाहून दोन कमी, म्हणजे तीन पायऱ्या झाल्या व शेवटीं शून्य आलें. म्हणून 31 मूळ. एकही भाजक तपासावा लागला नाहीं! 2024 सालीं सांपडलेली 4,10,24,320 अंकांची मूळ संख्याही याच जातीची आहे. कोणतीही संख्या मूळ आहे कीं नाहीं हें बेताच्या पायऱ्यांत निश्चित ठरविणारी रीत मात्र 2002 सालीं कानपूरच्या अग्रवाल, कयाल व सक्सेना यांनीं दिली.

हें सारें नांदगांवास पूर्वींच ठाऊक होतें, असें म्हणणें म्हणजे गणेश दैवज्ञांस न केलेल्या कामाचें श्रेय देणें होय. त्यांची खरी थोरवी त्यांच्या ग्रंथाच्या नांवांतच आहे. मोठी संख्या बळानें जिंकतां येत नाहीं. तिला लाघवच लागतें.