भिंतीतलं पाणी

चित्रसंग्रहालयात आपण चित्रं पाहतो; ती ज्या हवेत टांगलेली असतात त्या हवेकडे कुणाचं लक्ष नसतं. पण हवा आज दमट, उद्या कोरडी झाली की लाकडी चौकट फुगते, आकसते आणि रंगाला तडे जातात. म्हणून विसाव्या शतकात मोठमोठ्या संग्रहालयांनी वातानुकूलनाची अवजड यंत्रं बसवली. ती रात्रंदिवस चालवायची म्हणजे विजेचा खर्च आलाच.

ऑस्ट्रियाच्या पश्चिम टोकाला, कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी ब्रेगेन्झ नावाचं शहर आहे. तिथे १९९७ साली समकालीन कलेसाठी ‘कुन्स्टहाउस’ उघडलं. त्याचे स्विस वास्तुकार पीटर झुमथोर हे मूळचे सुतारकाम शिकलेले. त्यांनी आणि त्यांच्या अभियंत्यांनी हवा सांभाळायचं काम यंत्राकडून काढून बरंचसं भिंतीकडे सोपवलं.

मित्रहो, मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण ही युक्ती मला लगेच समजली, कारण भर वैशाखात जुन्या वाड्याच्या जाड भिंतीला पाठ टेकून मी बसलेलो आहे. जड भिंत उशिरा तापते आणि उशिरा निवते. ब्रेगेन्झला याच्या पुढचं पाऊल टाकलं. काँक्रीटच्या भिंतींत आणि मजल्यांत पाण्याच्या नळ्या ओतून बसवल्या. सरोवराकाठची जमीन ओलसर, म्हणून भूजल अडवायला तळघराभोवती खोल भिंत घालावीच लागली. त्या भिंतीतही नळ्या फिरवल्या. उन्हाळ्यात नळ्यांतलं पाणी जमिनीचा गारवा घेऊन वर येतं आणि दालनं थंड ठेवतं. हिवाळ्यात तेच पाणी तापवून फिरवतात. मग यंत्राकडे उरतं ते माणसांना लागेल तेवढी ताजी हवा पुरवण्याचं काम.

उजेडाचीही अशीच सोय आहे. इमारतीच्या अंगावर धुरकट काचेची ७१२ तावदानं कौलांसारखी एकावर एक चढवलेली आहेत. त्यांना एकही भोक पाडलेलं नाही, ती नुसत्या पकडींवर उभी आहेत. काच आणि आतली भिंत यांच्यात सुमारे ९० सेंटिमीटर मोकळी जागा. प्रत्येक दालनाच्या काचेच्या छतावर एक पोकळी सोडली आहे. दिवसाचा उजेड बाजूने तिच्यात शिरतो आणि गाळून खाली उतरतो. त्यामुळे एकावर एक रचलेल्या दालनांपैकी सगळ्यांत वरच्यालाच नव्हे, मधल्यांनाही आकाश मिळतं. बाहेर ढग आला की आतली भिंत किंचित मावळते. मला विचाराल तर हे संपूर्ण इमारतीतलं सर्वांत देखणं चित्र!

हिशेबाची दुसरी बाजूही सांगायला हवी. सिमेंट भाजताना भरमसाट इंधन जळतं आणि चुनखडीतूनही कर्बवायू सुटतो. एवढं काँक्रीट ओतलं तेव्हाच त्या वास्तूने मोठी उधारी करून ठेवली. ती फिटायची तर भिंतींना पुष्कळ वर्षं उभं राहावं लागेल.

१९९८ साली या वास्तूला युरोपचा मीस व्हान डेर रोह पुरस्कार मिळाला. कचेरी, दुकान आणि कॉफीगृह मात्र तिच्यात नाही. ते शेजारच्या एका बुटक्या काळ्या घरात आहे. चुलीचा धूर आणि फायलींची धूळ चित्रांपासून दूर!