नारळी पौर्णिमेची तारीख

नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ वाहतात आणि मगच होड्या पाण्यात लोटतात, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. ही पौर्णिमा एके काळी सरकारी कागदातही होती, हे मात्र थोड्यांनाच आठवत असेल. यांत्रिक बोटींसाठी पावसाळी बंदीची मुदत तेव्हा अशी लिहिली जाई: १० जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत किंवा नारळी पौर्णिमेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर. सरकारी मुदत चंद्राच्या कलेवर अवलंबून असावी, यात किनाऱ्याचे शहाणपण कायद्याने मान्य केल्याची खूण होती.

मुळात ही बंदी कोणी घातलेली नव्हती. नैऋत्येचा वारा सुटला, समुद्र खवळला, की होड्या वर ओढून शाकारायच्या आणि जाळी दुरुस्त करायची, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. जीवाच्या भीतीने म्हणा वा श्रद्धेने, पण त्या दोन-अडीच महिन्यांत, नेमक्या अनेक जातींच्या विणीच्या काळात, माशांना उसंत मिळत असे.

जागेचेही नियम होते. उत्तर कोकणात डोल जाळे लावण्याची समुद्रातली ठरलेली जागा म्हणजे ‘कव’. उधाणाच्या जोरदार प्रवाहात डोलीचे तोंड उघडे राहते आणि बोंबील, जवळा आत येतो. भांगाच्या दिवसांत पाणी मंदावते आणि डोलकराचे कामही. कोणाची कव कुठे, हे गावाला माहीत असे. वसई-उत्तनचे डोलकर आणि सातपाटी-डहाणूकडचे मच्छीमार यांच्यातला कवींचा वाद आजही मिटलेला नाही. जिथे हक्क असतो तिथेच असा वाद होतो. समुद्र म्हणजे कोणाचीच मालकी नसलेली मोकळी जागा, ही समजूत किनाऱ्यावर कधीच खरी नव्हती.

इंग्रज सरकारने १८९७ साली केलेला मत्स्यव्यवसाय कायदा या गुंत्यात फारसा शिरला नाही. सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारू नयेत, एवढाच त्याचा मुख्य रोख. उलट समुद्रातून अधिक कसे काढता येईल, याचीच उत्सुकता जास्त होती. १९२१-२२ मध्ये ‘विल्यम कॅरिक’ नावाचा ट्रॉलर मुंबईच्या पाण्यात चाचणीसाठी फिरला. मासेमारीचे खरे यांत्रिकीकरण मात्र स्वातंत्र्यानंतरचे. होड्यांना इंजिने बसली, नायलॉनची जाळी आली, परदेशात कोळंबीला भाव मिळू लागला आणि ट्रॉलरसाठी सरकारी मदत मिळू लागली.

त्याची पहिली मोठी झळ गोव्याने सोसली. तिथली रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबलचक जाळे. ते ओढायला डझनावारी माणसे लागतात आणि मिळालेल्या बांगड्या-तारल्यांची वाटणी होते. ट्रॉलर किनाऱ्याला लागून तळ खरवडू लागले तेव्हा रापणकारांच्या हाती रिकामे जाळे येऊ लागले. सत्तरच्या दशकात ते रस्त्यावर उतरले. माथानी साल्ढाणा या त्यांच्या नेत्याने हा लढा गोव्याबाहेर नेला आणि १९७८ मध्ये देशभरातल्या पारंपरिक मच्छीमारांचा मंच उभा राहिला. याच सुमारास केंद्राने नेमलेल्या मजुमदार समितीने कोणत्या बोटीने कुठे मासे धरावेत याचा विचार केला आणि राज्यांसाठी नमुना कायदा तयार झाला. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचे पाणी राज्यांच्या अखत्यारीत येत असल्याने कायदे राज्यांनीच करायचे होते. गोवा आणि केरळने ते १९८० मध्ये केले, महाराष्ट्राने १९८१ मध्ये.

महाराष्ट्राने ट्रॉलरला मनाई करताना हद्द मोजली ती वावांत. कुठे पाच वाव, कुठे दहा वाव खोलीपर्यंत ट्रॉलरने यायचे नाही. दोन्ही हात पसरले की होणारी लांबी म्हणजे एक वाव, सुमारे सहा फूट. होडीतल्या माणसाला दोरी सोडून सहज मोजता येणारे माप. नियम चांगलाच होता. रात्रीच्या अंधारात तो पाळला जातो की नाही हे पाहायला पुरेशा गस्ती नौका मात्र नव्हत्या.

मग पर्ससीन आले. मासळीच्या थव्याला वेढा घालून बटव्यासारखा तळ आवळणारे हे जाळे थवाच्या थवा उचलते. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत त्यावरून भर समुद्रात संघर्ष झाले. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्याने नवे परवाने थांबवले आणि राज्याच्या हद्दीत पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने दिले. एलईडीच्या झोतात मासे गोळा करून पकडण्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याचा कायदा दुरुस्त झाला, दंड लाखांत गेले आणि खटले तहसीलदारांऐवजी मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यापुढे चालू लागले. चाळीस वर्षे समुद्रातल्या गुन्ह्याचा निवाडा महसुली कामाच्या ढिगाऱ्यातून होत होता; ही दुरुस्ती फार आधी व्हायला हवी होती.

सगळा दोष मोठ्या बोटींवर टाकून मात्र चालणार नाही. डोलीच्या शेपटाचे बारीक आस, म्हणजे जाळ्याची छिद्रे, पापलेटची पिल्लेही धरतात, आणि ती बाजारात विकलीही जातात. सातपाटीच्या सहकारी संस्थांना हे पापलेटच्या घटत्या आवकेतून कळत आले आहे. याच गावाच्या मागणीला यश येऊन २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा ठरला. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांचे किमान आकारमान ठरवण्यात आले. पापलेटसाठी ते १३५ मिलिमीटर आहे. म्हणजे आता नियम समुद्रातून थेट टोपलीपर्यंत आला आहे. तो मासळी घेणाऱ्यालाही माहीत हवा, कारण लहान पापलेटला गिऱ्हाईक आहे तोवर ते जाळ्यातून परत पाण्यात जाणार नाही.

आणि पौर्णिमा? २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर सरसकट ६१ दिवसांची बंदी लागू झाली, १ जून ते ३१ जुलै. सर्व राज्यांना एकच तारीख असावी, हे रास्त आहे. नाहीतर एका राज्याने राखलेली मासळी शेजारच्या राज्याच्या बोटी नेतात. पण नारळी पौर्णिमा बहुधा ऑगस्टमध्ये येते. म्हणजे नारळ समुद्राला मिळण्याआधीच बोटी निघतात, तेही पापलेटची पिल्ले अजून वाढत असताना. बंदी १५ ऑगस्टपर्यंत न्यावी, अशी मच्छीमार संघटनांची मागणी आहे. ज्यांचे पोट समुद्रावर आहे तेच घरी बसण्याचे दिवस वाढवून मागत आहेत, याची दखल घ्यायलाच हवी. पालघर किनाऱ्यावरच्या काही गावांनी अधूनमधून आपणहून तेवढे दिवस थांबून पाहिले आहे. त्यांच्या होड्या किनाऱ्यावर असतात तेव्हा १ ऑगस्टला सुटलेल्या दुसऱ्यांच्या बोटी त्याच पाण्यात जाळी टाकत असतात.