आयन रँड : भक्त आणि टीकाकार

आयन रँडचं नाव काढलं की वाचकांत लगेच दोन तट पडतात. एकांसाठी ती दैवत, दुसऱ्यांसाठी स्वार्थाची वकील. पण मंडळी, जरा इतिहास बघा.

जन्म १९०५, सेंट पीटर्सबर्ग. क्रांतीनंतर बोल्शेविकांनी वडिलांचं औषधांचं दुकान जप्त केलं. १९२६ साली ती अमेरिकेत आली. ‘समाजासाठी त्याग’ या शब्दांची तिला एवढी चीड का, ते इथे कळतं.

१९४३ साली ‘द फाउंटनहेड’ आली, १९५७ साली ‘अ‍ॅटलस श्रग्ड’. दुसरीवरची गाजलेली टीका डाव्यांची नव्हे. ती उजव्या ‘नॅशनल रिव्ह्यू’त आली, तीही व्हिटेकर चेंबर्स या माजी कम्युनिस्टाकडून! उलट, तिच्या बैठकीतला अ‍ॅलन ग्रीनस्पॅन पुढे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा प्रमुख झाला. २००८च्या आर्थिक संकटात त्यानेच संसदीय समितीपुढे आपल्या विचारात खोट निघाल्याचं मान्य केलं.

मला विचाराल तर तिचा राग खरा, औषध अर्धवट. दुकान हिसकावणारं सरकार वाईटच. पण म्हणून आपण शेजाऱ्याचं काहीच देणं लागत नाही, हे काही पटत नाही.

तुमचं काय? पुस्तक वाचून सांगा, नुसतं नाव ऐकून नको.